साठ सेंटीमीटर बर्फ आणि सासरेबुवा

तीर्थस्वरूप वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (या वेळी हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा. आठही अंगं नुकतीच जमिनीला लागून आली आहेत आणि आठही दुखताहेत.) तुमची कंबर कशी आहे? दादाचा खोकला? फार त्रास देत असेल तर दादाला सरळ बाहेरच्या खोलीत टाका, लहानपणी आम्ही तेच करायचो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त खुर्चीवर बसण्याआधी थोडा विचार करतो.

आम्ही स्कीइंगला जाऊन आलो हे तुम्हाला कळलंच असेल. (तुमच्या जाऊबाईंनी फोनवर काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. त्यातलं निम्मं खरं आहे, बाकीचं त्याहून वाईट होतं.) हौस तिची, आणि तिने बरोबर घेतलं आपल्या वडिलांना. सासरेबुवा आयुष्यभर लेखापरीक्षक होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून माणसं तपासतात. लग्न झाल्यापासून ते मला अहो-जाहो करतात. लोकांना वाटतं, जावयाचा काय मान आहे! तो मान नाही वहिनी, ते अंतर आहे. त्यांना अधिकारी जावई हवा होता, मिळाला फ्रीज दुरुस्त करणारा. दर भेटीत 'धंदा बरा आहे ना?' असं विचारतात, पण सूर असा, की जणू पेशंटचा ताप उतरला का विचारताहेत.

म्हणून कोणत्या दिवशी जायचं हा प्रश्न निघाला तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "ते माझ्यावर सोडा. बर्फ हा माझा रोजचा विषय आहे." सासरेबुवांनी फक्त चष्मा पुसला.

मग मी फोनवर बर्फाचे अंदाज बघायला लागलो. दुकानात गिऱ्हाईक कॉम्प्रेसरबद्दल विचारायचं आणि मी त्याला डोंगरावरच्या वाऱ्याबद्दल सांगायचो. त्या अंदाजात डोंगराचे तीन मजले असतात: शिखर, मधला भाग आणि पायथा. प्रत्येकाचे आकडे वेगळे. मी साहजिकच सगळ्यात वरची ओळ वाचली, कारण माणूस वरूनच वाचायला सुरुवात करतो. तिथे एका शुक्रवारी लिहिलं होतं, साठ सेंटीमीटर ताजा बर्फ! त्याखाली वाऱ्याचा एक रकाना होता, शून्य अंशाची उंची म्हणून आणखी काहीतरी होतं. मला वाटलं, ही शोभेची माहिती असावी. खोल्या ठरवल्या आणि सगळ्यांना आकडा सांगितला. सासरेबुवांना दोनदा सांगितला.

आम्ही पोहोचलो तेव्हा धो धो पाऊस पडत होता.

वहिनी, साठ सेंटीमीटर अगदी खरे होते, पण ते शिखरावर. शून्य अंशाची उंची म्हणजे जिच्या वर बर्फ पडतो आणि खाली पाऊस, ती रेषा. ती त्या दिवशी आमच्या खोलीच्या छपराच्या फार वर होती. मग तारेवरच्या पाळण्यात बसून शिखरावर जाऊ म्हटलं, तर वाऱ्यामुळे पाळणे बंद. म्हणजे शोभेचे दोन्ही रकाने एकाच दिवशी कामाला लागले. आम्ही खिडकीत बसून ओल्या मोटारी बघितल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि अशी थंडी पडली, की भिजलेला सगळा डोंगर काचेसारखा गोठला. मी पाहणी करायला म्हणून बाहेर पडलो आणि घसरत थेट मोटारींच्या रांगेखालून पलीकडे निघालो. (जाऊबाईंनी हा भाग नक्की सांगितला असेल. मी ओरडलो नव्हतो.)

संध्याकाळी मी जाहीर केलं, "उद्याचा अंदाज शून्य आहे. सकाळी घरी निघू." हिचा चेहरा पडला. तेवढ्यात सासरेबुवांनी हात पुढे केला आणि माझा फोन मागितला. फोन डोळ्यांपासून लांब धरून ते बराच वेळ वाचत राहिले.

"अहो, हे शून्य म्हणजे नव्याने जमा शून्य," ते म्हणाले. "आरंभीची शिल्लक वेगळी दिली आहे. खाली बघा, मीटरभर बर्फ आधीचाच पडून आहे. वारा नाही. ऊन आहे. तुम्ही फक्त जमेची बाजू वाचत होता."

मी भरायला घेतलेली बॅग पुन्हा रिकामी केली.

आणि तो शून्याचा दिवस, वहिनी, असा निघाला की काय सांगू! निळंभोर आकाश. यंत्रांनी गोठलेला बर्फ खरवडून, दळून, गादीसारखा पसरून ठेवला होता. ही तर शिकवणाऱ्या बाईंच्या मागे भुर्रकन निघून गेली. राहिलो आम्ही दोघं, नवशिक्यांच्या उतारावर, जिथे उतार आहे हे सांगावं लागतं. मी त्यांना सावरायला गेलो, त्यांनी मला धरलं, आणि आम्ही सावकाश, अगदी विचारपूर्वक, एकमेकांवर कोसळलो. चार पाय, स्कीच्या चार फळ्या, त्यातली कुठली कोणाची ते कळेना. लहान लहान पोरं आम्हाला वळसा घालून जात होती. मला वाटलं, आता संपलं. हा शेरा माझ्या नावावर कायमचा लागला.

तर माझ्या खांद्याखालून आवाज आला, "अरे, तुझा डावा पाय काढ आधी."

वहिनी, 'अरे' म्हणाले. 'तुझा' म्हणाले. मी पाय काढलाच नाही, पडूनच राहिलो. ते हसायला लागले. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून आधी वाटलं त्यांना धाप लागली आहे. मग मीही हसलो, आणि हसण्यामुळे उठणं आणखी अवघड झालं. शेवटी बाईंनी येऊन आम्हाला सुटं केलं. परतीच्या वाटेवर ते पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसले आणि फ्रीजमध्ये बर्फ का साचतो हे घर येईपर्यंत विचारत होते. सगळ्या शंका रास्त होत्या.

मुलांना आशीर्वाद. दादाला नमस्कार.

तुमचा धाकटा दीर

ता. क. – सासरेबुवांनी त्यांच्या निवृत्तांच्या मंडळात सांगून टाकलं आहे, की आमचा जावई बर्फाच्या अंदाजातला जाणकार आहे. मंडळ पुढच्या महिन्यात डोंगरावर निघालं आहे, आणि त्याआधी येत्या रविवारी माझं व्याख्यान ठेवलं आहे. नाही म्हणावं, तर ते पुन्हा 'अहो' म्हणायला लागतील अशी भीती वाटते.

दुसरा ता. क. – तुम्ही इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवता. तर तासभराचं भाषण गुरुवारपर्यंत लिहून पाठवाल का? सोप्या भाषेत लिहा, कारण ते आधी मला समजायला हवं. आणि ढग म्हणजे नक्की काय, इथपासून सुरुवात केलीत तर बरं.