बागेतला बॉम्ब कोणालाही दिलेला नाही

मी, स्कोलास्टिका नावोरा, वय बहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार तोरोबाई, किएटाच्या वरची वस्ती, बोगनव्हिल बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. भीती मात्र आहे. ती कशाची, ते खाली येईल.

१. राहतं घर, पाण्याची टाकी आणि शिवणयंत्र माझी नात पर्पेटुआ हिला.

२. बँकेतली शिल्लक शाळेच्या छपरासाठी. मुख्याध्यापकांनी त्यातून लाउडस्पीकर घेऊ नये.

३. माझे पती अन्सेल्म गावात मलमपट्टी करत. त्यांची औषधांची पेटी दवाखान्याला.

४. कोकोची बाग कुळाची आहे, ती देणारी मी कोण. पण आमच्याकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते. माझी लेक अपोलोनिया हयात नाही, म्हणून बाग तिच्या लेकीकडे, पर्पेटुआकडे जावी.

या बागेत ओढ्याच्या बाजूला मोठ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब आहे. कोणाच्या विमानातून पडला, हे माझ्या आईलाही माहीत नव्हतं. असे दोन होते. दुसरा माझा भाऊ सेलेस्टिन याने बेटाच्या स्वातंत्र्यासाठी झालेल्या बंडाच्या काळात उकरला, त्यातली दारू काढली आणि पुलाखाली पुरली. सरकारी सैनिकांची गाडी उडाली. एका जखमी सैनिकासाठी अन्सेल्मना वाटेत त्याच गाडीत चढवलं होतं; तेही गेले. पुढे काही आठवड्यांनी सैन्याने डोंगरावरून उखळी तोफ डागली. गोळा आमच्या स्वयंपाकघरावर पडला. अपोलोनिया आत होती. तान्ही पर्पेटुआ बाहेर माझ्या कडेवर होती.

सैन्याचे पाद्री येऊन म्हणाले, "युद्धात असं घडतं, बाई." सेलेस्टिनला मात्र रेडिओवर दहशतवादी म्हणत. तो मला विचारायचा, "ताई, त्यांनी न बघता मारलं ते युद्ध, आणि मी बघून मारलं तो खून?"

"तू बघितलं असतंस तर अन्सेल्म दिसले असते," मी म्हटलं.

शांतता झाल्यावर तो रिवाजाप्रमाणे समेटाचं डुक्कर घेऊन आला, अंगणात बसून रडला, आणि आम्ही एकाच डबीतला चुना लावून सुपारी खाल्ली. तोफ डागणाऱ्याबरोबर सुपारी खायची तर तो कोण, हेच कोणाला ठाऊक नाही. आपला गोळा कोणावर पडला, हे कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. तो राग अजून माझ्याकडेच आहे. कोणाच्या नावे करू?

पण भीती मला भावाची वाटते. त्याची बाजू मला कळते. गावं जळत होती, औषधं अडवली होती. सैन्याकडे हेलिकॉप्टर आणि आमच्या पोरांकडे पाण्याच्या नळापासून घरी बनवलेल्या बंदुका. कळते म्हणूनच भीती. स्वातंत्र्याची बोलणी रखडली की तो ओट्यावर म्हणतो, "असू दे तो बॉम्ब तिथेच. गरज पडली तर." परवा गावातली पोरं कान देऊन ऐकत होती. पर्पेटुआ म्हणाली, "मामाआजोबा, मग मी बागेत कुदळ मारू की आधी प्रार्थना म्हणू?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

५. म्हणून तो बॉम्ब कोणालाही दिलेला नाही. बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाला मी कळवलं आहे. ते पुढच्या आठवड्यात येतील. मी त्याआधी गेले तर पर्पेटुआने त्यांना ओढ्याकाठच्या वाटेने न्यावं. वळणावर मोठं नीरफणसाचं झाड आहे, त्याच्या पलीकडे. सेलेस्टिनला विचारू नये.

६. सेलेस्टिनला मी काही ठेवलेलं नाही. रागाने नव्हे. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला त्याची सही हवी आहे. इथवर वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "एक कोंबडीसुद्धा नाही?"

"नाही."

"आणि मला विचारायचंही नाही?"

"नाही."

तो उठून गेला. कागद टेबलावर ठेवते आहे. त्याने सही केली नाही तर शेजाऱ्यांची घ्यावी.

सही: स्कोलास्टिका नावोरा
तोरोबाई, १४ ऑगस्ट २०२४

साक्षीदार:
१. ल्युडविना तारेको, परिचारिका.
२. सेलेस्टिन नावोरा. वाचलं. सगळं पटलेलं नाही. ताईने लिहिलेली जागा चुकली आहे. बॉम्ब झाडाच्या अलीकडे आहे, वाटेखालीच. पर्पेटुआने जाऊ नये. पथकाला मी नेईन.