ताराचंदची वही

३ नोव्हेंबर, सायंकाळी ६
आजपासून रोज ताराचंदकडे जायचं. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही तीस वर्षं एका टेबलावर बसलो. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज गेला. आता वहीत लिहून बोलतो. त्याला धीर द्यायला कुणीतरी हवं. बाकीच्यांना बोलायचा पाचपोच नाही. जिनिंगमधल्याच बापूजीनं आज माझ्यासमोर विचारलं, ‘खर्रा किती खात होता बे?’ ताराचंदनं जन्मात तंबाखू-सुपारी चघळली नाही. बापूजीला झापलं आणि विषय बदलायला माझ्या साडूचं सांगितलं. त्यालाही घशाचाच होता. शेवट फार वाईट झाला, पण माणूस हिमतीचा.

परत येताना खर्रा घेतला. टेन्शन होतं.

४ नोव्हेंबर
मी बोलत असताना ताराचंद सारखा लिहीत होता. तारीख टाकून! माझे विचार टिपून ठेवतोय. तीस वर्षांत इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं. उद्यापासून तयारीनं जायचं.

७ नोव्हेंबर
तयारीनं गेलो आणि त्याला समजावलं: वजन उतरल्यामुळे तो तरुण दिसतो. आवाज गेल्यामुळे बायकोशी, आनंदावहिनींशी, भांडणं मिटली. आणि मरण कुणाला चुकलंय, उद्या हायवेवर मलाही ट्रक उडवेल. ट्रकचं पुन्हा सांग अशी त्यानं खूण केली. शब्द न् शब्द हवा होता! वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. भारावल्या असाव्यात.

१० नोव्हेंबर
केमोला सोबत गेलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही धीर दिला. नर्सनं मला कँटीनमध्ये बसायला सांगितलं. चांगल्या कामाची कदर नाही.

येताना गाडीत ताराचंद रडला. बिनआवाजाचं. पॉझिटिव्ह राहा म्हणालो.

खर्रा सोमवारपासून बंद.

१८ नोव्हेंबर, दुपारी
ताराचंद झोपला होता. वही उशाशी. माझेच विचार, म्हणून उघडली. वर माझ्या नावानं लिहिलं होतं, ‘भैय्याजी काय बोलला’. खाली, ‘साडू मेला’, पुढे नऊ रेघा. ‘ट्रक’, चार रेघा. ‘पॉझिटिव्ह: मोजनं सोडलं.’ ‘मले म्हन्ते तरुण दिसतं. आरसा पाह्यला. मसनातून उठून आल्यावानी दिसतो.’

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनीच सांगितलं, ‘तुमी गेले का वही मले वाचाले लावतेत, अन् पोट धरून हासतेत. बाकी दिवसभर भिंतीकडेच पाह्यत राह्यतेत.’

चहा घेतला नाही.

१९ नोव्हेंबर
गेलो नाही. तीस वर्षांची दोस्ती आणि हा रेघा ओढतो!

२० नोव्हेंबर
गेलो नाही. खर्रे दोन.

२१ नोव्हेंबर, सायंकाळी ६
वहिनींचा फोन आला. ताराचंद दोन दिवस जेवला नाही. मला काय त्याचं, असं म्हणत चप्पल घातली.

ठरवून गेलो होतो: साडू नाही, ट्रक नाही, एक शब्द नाही. खुर्चीत बसलो. तो पेन उघडून तयार. मी गप्प. पाच मिनिटांनी त्यानं वही पुढं केली. ‘काऊन गप्प बे? मी का मेलो?’

डोळ्यांत पाणी आलं. हा जाईल याची मला भीती वाटते, पहिल्या दिवसापासून वाटते. तेच सांगायला तोंड उघडलं. बाहेर आलं, ‘माझ्या साडूलाही शेवटी जेवण जात नव्हतं.’

ताराचंदनं दहावी रेघ ओढली. खांदे गदगदा हलेपर्यंत हसला. मग वहिनींकडे पातळ खिचडी मागितली.