दिवा विझेपर्यंत थांबता येत नाही

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलं, की आमच्या मुलीचं, क्षितिजाचं, लग्न इतकं व्यवस्थित कसं पार पडलं, तर काहीतरी पुरावा हवा. वाचायला कोणाला देणार नाही.

लग्न ७ डिसेंबरला. मुलगा देवांश, धुळ्याचा. हॉल, केटरर, साड्या, पाहुणे वगैरे किरकोळ बाबी बायको, मनोरमा, बघते आहे. मुख्य खातं माझ्याकडे. गाडी.

गाडी जर्मन, डिझेल, काळी, सात सीटर. दिल्लीत जुनी डिझेल गाडी चालवू देत नाहीत म्हणून तिथल्या एका डॉक्टरांनी मला विकली. विकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मनोरमा म्हणते, ते हसत होते. व्हिडिओ कॉलवर नीट दिसत नाही.

पागनीस घराण्याला साजेशी गाडी आहे. आमचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते. मनोरमाच्या मते ते घोड्यांच्या चाऱ्याचा हिशेब लिहायचे. तरी पागेतच ना.

‘जुनी इंदूर’ भागातल्या आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. हा गल्लीचा दोष. कोपऱ्यावर पिठाच्या चक्कीसमोर उभी करतो. सकाळी पांढरी असते.

५ नोव्हेंबर
सर्व्हिस सेंटरमधून रुचीजींचा फोन. कंपनीने या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या आहेत. धुराची तपासणी चालू असली की गाडी शहाण्यासारखी वागते आणि रस्त्यावर आली की मनाला येईल तसा धूर सोडते, असं सॉफ्टवेअर आत सापडलं म्हणे. ते बदलायचं.

मी म्हटलं, माझी गाडी तशी नाही. त्या म्हणाल्या, सर, सगळे हेच म्हणतात.

आमचा मुलगा समीर जेवताना म्हणाला, म्हणजे आपली गाडी इतके दिवस खोटं बोलत होती. मी त्याला सांगितलं, परीक्षकासमोर नीट वागणं याला संस्कार म्हणतात. हा मुलगा स्कूटीवर फिरतो, त्याला काय कळणार.

संकल्प: लग्नाआधी गाडी द्यायची नाही.

१० नोव्हेंबर
गाडी दिली. संकल्प मोडला असं नाही. लग्नाच्या आधी मुलीला चार दिवस आराम, तसं गाडीलाही माहेरपण.

१३ नोव्हेंबर
माहेरून परत आली. जरा अंगात जडपणा वाटतो. पोलोग्राउंडला ऑफिसला जाताना (पंपांचा कारखाना, पर्चेस विभाग माझ्याकडे आहे) एक ई-रिक्षा पुढे निघून गेली. मी जाऊ दिली. आपल्याला कुठे शर्यत लावायची आहे.

१५ नोव्हेंबर
डॅशबोर्डवर पिवळा दिवा. आधी वाटलं, नवीन सॉफ्टवेअरबरोबर आलेली सोय असेल. रुचीजींना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं. आता गाडी काजळी बाहेर सोडत नाही, आतल्या फिल्टरमध्ये साठवते. फिल्टर भरला की ती स्वतःच काजळी जाळते. मात्र त्यासाठी तिला मोकळा हायवे लागतो. एका लयीत, न थांबता, दिवा विझेपर्यंत. शहरात रोज थोडं थोडं फिरलं की काजळी नुसती साठत राहते.

आणि नाही जाळली तर? “तो सर, गाड़ी ताक़त कम कर लेती है. फिर चलती नहीं, रेंगती है. फिर वो भी नहीं.”

मी चक्की ते पोलोग्राउंड एवढाच जातो. मधे सिग्नल. इंदूरचे शिस्तबद्ध नागरिक असल्याने सिग्नलला इंजिन बंद. म्हणजे मी जितका सभ्य वागतो तितका फिल्टर भरतो. हे कोणाला सांगण्यात अर्थ नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
दिवा विझवायला धुळ्याच्या हायवेने मानपुरपर्यंत गेलो. घरी सांगितलं, लाँग ड्राइव्ह. क्षितिजा म्हणाली, मी पण येते.

महूच्या पुढे रस्ता छान. पूर्वी व्हॅन होती तेव्हा आम्ही दोघं दर परीक्षेनंतर या रस्त्याला यायचो. मानपुरच्या टपरीवर चहा, कचोरी, आणि ती वर्षभराचं सगळं तिथे बसून सांगायची. वर्गात कोण रडलं इथपासून. आज तिने टपरी लांबूनच ओळखली.

“बाबा, थांबू या ना. मला तुमच्याशी जरा बोलायचंय.”

दिवा तेव्हा नुकता लुकलुकायला लागला होता. म्हणजे जळणं चालू. मी तिला सांगितलं, दिवा विझेपर्यंत थांबता येत नाही. बोल की गाडीतच, एसी आहे, शांतता आहे. ती म्हणाली, राहू दे. टपरी मागे गेली.

दिवा घाटाच्या तोंडाशी विझला. मोठं समाधान वाटलं. तिला म्हटलं, बघ, जमलं. ती हो म्हणाली. येताना झोपली असावी, खिडकीकडे तोंड होतं.

संकल्प: एक दिवसाआड मानपुर.

२० नोव्हेंबर
मानपुरला जाणं झालं नाही. पत्रिका वाटायच्या होत्या. सगळे नातेवाईक एक-दीड किलोमीटरच्या अंतरात राहतात, हे आपल्या समाजाचं मोठं चुकतं.

२३ नोव्हेंबर
सकाळी चहा पिताना एकदम सुचलं. सीमांतपूजन.

आदल्या संध्याकाळी वरपक्षाचं गावाच्या सीमेवर स्वागत करायचं, मुलाचे पाय धुवायचे, ही आपली रीत. हल्ली ते हॉलच्या दारात उरकतात. हॉलचं दार ही काय सीमा आहे? वऱ्हाड धुळ्याहून मिनी बसने येणार, म्हणजे मानपुरवरूनच येणार. मी पुढे जाऊन तिथे त्यांना सामोरा जाणार. फेटा, शेरवानी, ताम्हण, तांब्या, उपरणं. मग पुढे माझी गाडी, मागे वऱ्हाडाची बस, असा इंदुरात प्रवेश. शिवाय जाता-येता फिल्टर जळेल. एका दगडात दोन पक्षी.

मनोरमा म्हणाली, पाय दोघांनी धुवायचे असतात, मी हॉलवर असणार, तुम्ही एकटे तिथे काय करणार. मी म्हटलं, तू हॉलवर परत एकदा धू. दोनदा स्वच्छ. आपल्या शहराचं नाव आहे त्यात. ती उठून आत गेली, म्हणजे मान्य.

२ डिसेंबर
पिवळा दिवा कालपासून. पाहुणे स्टेशनवरून आणणं, हार, मावशींचं गुडघ्याचं तेल, पुन्हा स्टेशन. मावशींनी विचारलं, हा दिवा कसला. मी सांगितलं, देवाचा.

चक्कीवाला आज म्हणाला, “भिया, तुमची गाडी उभी असताना पण गुरगुरते.” मी म्हटलं, पंखा आहे, आतला. थंड होत असते. तो म्हणाला, माझं जातं बंद केलं की गप्प बसतं.

४ डिसेंबर
क्षितिजा आज दळायला नेलेली हळद घेऊन येताना गाडीपाशी थांबली. मला म्हणाली, “६ तारखेला हॉलवर मला तुम्ही सोडा हां बाबा. दुसरं कोणी नको.” मग म्हणाली, गाडी नसली तरी चालेल, आपण पायी पण जाऊ.

पायी! नऊवारी नेसून! मी तिला शब्द दिला. मानपुरहून वऱ्हाड आणतो, त्यांना हॉलवर सोडतो, तसाच परत येऊन तुला नेतो. अंतर फार नाही. गाडी दमदार आहे.

५ डिसेंबर
दिव्याशेजारी अजून एक दिवा लागला. रुचीजींचा फोन लागत नाही. उद्या हायवेला दोन्ही विझतील.

६ डिसेंबर, शनिवार, दुपार
निघतो आहे. रोजनिशी बरोबर घेतली. प्रसंग ऐतिहासिक आहे. क्षितिजा चक्कीपर्यंत आली होती. नेसून तयार. म्हणाली, लवकर या. चक्कीवाल्याने तिला बसायला खुर्ची काढून दिली. मी म्हटलं, बसू नकोस, पीठ लागेल. मी आलोच.

६ डिसेंबर, मानपुर
राऊला ट्रकांची रांग. महूपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. मोकळा रस्ता मिळाला तेव्हा गाडीनेच तो नाकारला. मानपुरच्या अलीकडे दिवा लाल झाला. सायकलवाले पुढे जात होते, त्यातला एक वळून नमस्कार करून गेला. फेट्यामुळे असेल.

टपरीसमोर गाडी थांबली. मी थांबवली नाही.

तिघांनी ढकलून कडेला घेतली. ढकलणाऱ्यांत मी एक. तिथे ओल्या चिखलाचा पट्टा होता. शेरवानी गुडघ्यापर्यंत चिखलात गेली, बूट वेगळे काढून ठेवले आहेत. क्षितिजाचा फोन आला. सांगितलं, निघतोच आहे. मग तिचा फोन परत आला. सांगितलं, रस्त्यात आहे. हे खरंच होतं.

चहा घेतला. टपरीवाल्याने विचारलं, लग्न तुमचंच का. परत चहा घेतला.

बस दिसते आहे.

८ डिसेंबर
काल लग्न झालं. चांगलं झालं. सगळे म्हणत होते.

परवाचं क्रमाने लिहितो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. बस थांबली. व्याही नाना आधी उतरले, मग विहीणबाई, मग देवांश. मी ताम्हण घेऊन उभा राहिलो आणि सीमांतपूजनाबद्दल दोन शब्द बोलायला लागलो. होळकर, पागा, पूर्वज. विहीणबाई माझ्या पायांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, आधी बसा बघू. मला स्टुलावर बसवलं. माझ्याच तांब्यातलं पाणी माझ्याच पायांवर घातलं. चिखल निघेना तेव्हा देवांश खाली बसला आणि त्याने हाताने चोळून काढला. नंतर त्याच्यासाठी आणलेल्या उपरण्याने पुसले. नानांनी मला कुंकू लावलं, कारण ताटात होतं.

म्हणजे विधी झाला. फक्त माझा.

बसमध्ये ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. हॉलच्या दारात मनोरमा औक्षणाचं तबक घेऊन उभी. बँडवाल्यांनी सुरू केलं. बसमधून पहिला मी उतरलो. तिने तबक खाली घेतलं.

क्षितिजा आत होती. खूप वेळ चक्कीपाशी बसली, मग समीरच्या स्कूटीवर मागे बसून आली. नऊवारीच्या काठाला पीठ लागलं होतं. मी तिला सांगायला लागलो, की राऊला ट्रकांची रांग होती. ती म्हणाली, “हो बाबा, कळलं. तुम्ही जेवलात का?” मी सांगितलं, मानपुरला चहा झाला.

ती ओरडली असती तर मला उत्तरं देता आली असती. माझी सगळी तयार होती.

९ डिसेंबर
वऱ्हाड परत गेलं. पाठवणीला मी रडलो नाही. बसच्या मागचे टायर बघत होतो, एकाची हवा कमी वाटत होती. तसं ड्रायव्हरला सांगितलंही.

दुपारी क्षितिजाने फोटो पाठवला. मानपुरची टपरी. तेच स्टूल. नाना आणि ती, हातात ग्लास, दोघं कशाला तरी हसताहेत. खाली लिहिलं होतं: चहा अजून तसाच आहे बाबा.

ते मला माहीत आहे. मी तो पुष्कळ प्यायलो आहे.

१४ डिसेंबर
गाडी ओढून आणली. चक्कीसमोर उभी आहे. समीर म्हणतो, विका. कोणाला विकू? दिल्लीच्या डॉक्टरांना फोन केला होता. त्यांनी ओळखलं नाही.

क्षितिजाशी बोललो. बरी आहे. धुळ्यात थंडी आहे. सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा मानपुरला तुला काय बोलायचं होतं.

ती म्हणाली, “भीती वाटत होती बाबा. लग्नाची. सगळं सोडून जायची. तेच सांगायचं होतं.” मग म्हणाली, आता नाही वाटत. येताना टपरीवर नानांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांनाही वाटत होती, नवीन मुलगी घरात येणार म्हणून. खूप हसलो आम्ही.

मी म्हटलं, छान. मग म्हटलं, मला गाडीतच सांगायचं होतंस. ती म्हणाली, तुम्ही दिव्याकडे बघत होता.

बघत होतो. नियमच आहे तसा.

२० डिसेंबर, शनिवार
रुचीजींचा फोन. कंपनीने गाडी पुन्हा परत बोलावली आहे. मागच्या वेळी घातलेलं सॉफ्टवेअर काढून दुसरं घालायचं. किती दिवस लागतील ते त्यांना माहीत नाही. मीही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, मागच्या सर्व्हिसबद्दल समाधानी आहात का, एक ते दहामध्ये सांगा. मी सांगितलं, तुम्हीच लिहा काय ते.

मग मनोरमाला म्हटलं, गाडीला आता पुरेसा आराम झाला आहे, द्यायच्या आधी मानपुरपर्यंत जाऊन येऊ. तू पण चल. ती म्हणाली, चहाला थांबणार का? थांबेन म्हटलं. दिवा लागला असला तरी? तरी.

तिने चांगली साडी नेसली. चक्कीपर्यंत चालत गेलो, गाडीत बसलो. किल्ली फिरवली. आधी पिवळा दिवा लागला, मग लाल, मग बाकीचे सगळे. नंतर एकदम सगळे विझले आणि काही केल्या गाडी चालू होईना.

थोडा वेळ आम्ही आतच बसून राहिलो. समोरच्या काचेवर पीठ होतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं. मनोरमाने कशालाच नावं ठेवली नाहीत, त्यामुळे जास्तच अवघड झालं. मी तिला सांगितलं, मला पोरीची फार आठवण येते. ती म्हणाली, मला माहीत आहे.

चक्कीवाल्याने काचेवर टकटक केली. दोन खुर्च्या काढून ठेवल्या होत्या, पोऱ्याला चहा सांगितला होता. त्यातली एक खुर्ची क्षितिजा बसली होती तीच असावी. मी दुसरीवर बसलो. चहा बरा होता. मानपुरसारखा नव्हता.