खिळ्यावरचा निळा कप

मंगळवार, दिवेलागण

वाचनालयातली ती कादंबरी दुपारी संपवली. परक्या फौजेनं व्यापलेल्या शहरातलं ज्यू कुटुंब. त्यांना नेतात तेव्हा समोरची शेजारीण हळूच खिडकी लावून घेते. तिथं मी ढसाढसा रडले.

संध्याकाळी सुमनबाई आमच्या शेतातला कापूस वेचून आली. चहा पिताना तिला सारी गोष्ट सांगितली.

"ताई, ते शेजारीन वाईट होती काय?"

"वाईट नाही. सारेच करून राह्यले होते, तेच तिनंही केलं."

सुमनबाईनं आपला कप विसळला, अंगणातल्या खिळ्याला अडकवला आणि गेली. निळा कप. ती बौद्ध, म्हणून सासूबाईंनी तिच्यासाठी बाहेर ठेवलेला. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथंच आहे, आणि रोज मीच तो भरते. वरून, न शिवता!

चैन नाही. कप आत आणायला दोनदा उठले. ओसरीत सासूबाई. "काय पाह्यजे तुले?"

"काही नाही."

काही नाही? कायले म्हणाले मी असं?

लिहिताना समोरच दिसत होता तो कप, खिळ्यावर हलताना. आत्ता उठून खिडकी लावून घेतली.