नाफिरीचा पंखा

१७ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून या घरात कोणी कोणावर हात उगारणार नाही. माशांच्या काचपेटीतही नाही आणि पेटीबाहेरही नाही. निश्चय पक्का.

काल पुन्हा मुडदा पडला. पिवळ्या माद्यांपैकी धाकटी. शेपूट नाही, एक डोळा नाही, पोटाला भोक. काम निळ्या नराचं. त्याला मी म्फुमू म्हणतो, म्हणजे गावप्रमुख. अंगावर काळे पट्टे, पोहण्यात रुबाब. स्वभाव बराचसा माझा. फक्त मी मारत नाही.

खरा दोष उन्हाचा. पावसाला अजून महिना आहे, आमचं सलिमा गाव नुसतं तव्यासारखं तापलंय. पेटीतलं पाणी बत्तीस अंश. बत्तीसला माझं डोकं फिरतं, मग बोटभर माशाचं का फिरू नये? आयुष्यभर नात्यातल्या पोरींच्या लग्नांचा मध्यस्थ मीच. नवराबायको एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागले की मला बोलावणं येतं. सगळ्या मारामाऱ्यांचं मूळ मला एकच सापडलंय: उकाडा. पाणी गार केलं की पेटीत शांतता.

नाफिरीसाठी तरी करायलाच हवं. ती सगळ्यांत थोरली पिवळी. तोंडात अंडी धरून बसलीय. आमच्या सरोवरातल्या खडकांत राहणाऱ्या माशांची ही रीतच, पिल्लं आईच्या तोंडात वाढतात. जबडा फुगलाय, अन्नाला शिवत नाही, फुटक्या मडक्याच्या आड दडून असते. म्फुमूला दिसली की तो झडप घालतो. अजून पंधरवडाभर तिनं तोंड मिटून धरलं की पिल्लं पोहत बाहेर येतील. काचेवर बोट ठेवून शब्द दिला तिला: तुझी पिल्लं जगतील.

१८ ऑक्टोबर
पंखा लावला. पाण्यावरून वारा गेला की थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं गार होतं. पुस्तकात वाचायची गरज नाही, जन्मभर लॉरी चालवली आहे, रेडिएटरनं शिकवलं. पेटी तरी कुठे विकत आणली? सरोवराकाठचं लॉज बंद पडलं, त्यांनी फेकली, मी उचलली. अक्कल असली की सगळं जमतं.

घरात टेबलपंखा एकच. बायकोला, फलेसीला, विचारायचं राहून गेलं. दुपारी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, घोटता घोटता म्हणाली, पंखा कुठाय? म्हटलं, माशांना दिलाय. म्हणाली, माशांना पंखा आणि मला पुठ्ठा? दारातून सरोवर दिसतंय, नेऊन ओता त्यात तुमच्या गावप्रमुखाचं खानदान. म्हटलं, अगं, तिथे त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार? त्यावर न्सिमा घोटायचा लाकडी चाटू माझ्या डोक्याला लागला. म्हणजे ती घोटतच होती, चाटू जरा जोरात वर आला आणि माझं डोकं मधे होतं. लिंबाएवढं टेंगूळ. याला हात उगारणं म्हणता येणार नाही, हातात चाटू होता. निश्चय शाबूत.

२० ऑक्टोबर, दुपार
पाणी अठ्ठावीस. यश.

वारा जास्त लागावा म्हणून पंख्याची जाळी काढली. बोट आत गेलं, नख उडालं. रक्ताचा थेंब पेटीत पडला तर सगळे त्याच्यावर तुटून पडले. भूक चांगली लागतेय, तब्येती सुधारताहेत.

वारा आत शिरावा म्हणून झाकणही काढलं. एका पिवळीनं उडी मारली, ती थेट पात्यात. अर्धी भिंतीवर, अर्धी फलेसीच्या केसांत. तो त्या माशाचा स्वतःचा निर्णय. फलेसीनं माझी उशी अंगणात फेकली. अंगणात झोप उलट छान लागते.

नाफिरी ठीक. जबडा आणखी फुगलाय.

२३ ऑक्टोबर
म्फुमू आणि पेटीतला दुसरा, धाकटा निळा नर सकाळपासून तोंडात तोंड अडकवून एकमेकांचे जबडे ओढताहेत. खवले उडताहेत. फलेसी म्हणाली, अहो, सोडवा, मरेल एखादा.

मला हसू आलं. बायकांना नाती कळत नाहीत. हे दोघे आतेमामेभाऊ असणार. आम्हा चेवा लोकांत आतेभाऊ-मामेभाऊ हे नातंच चेष्टेचं. माझा आतेभाऊ ग्रेवाझियो मला भर चर्चच्या दारात बोकड म्हणतो, माझ्या ताटातली तंगडी उचलतो, माझी टोपी घालून गावभर फिरतो. मीही त्याचं तेच करतो. राग यायचा नाही, हसायचं. ज्याला राग आला तो हरला, त्यानं कोंबडी द्यायची. चाळीस वर्षं झाली, आमच्यात एकही कोंबडी इकडची तिकडे गेलेली नाही.

म्हणून माशांना सोडवलं नाही. भावाभावांत मधे पडू नये.

२४ ऑक्टोबर
धाकटा निळा तळाशी सापडला. ओठ नाहीत. चेष्टा जरा लांबली.

२७ ऑक्टोबर, रविवार
चर्चहून आलो तर पेटीवर पंखा नाही.

फलेसी म्हणाली, तुमचा आतेभाऊ आला होता. दात काढत म्हणाला, बोकडाला वारा कशाला हवा, आणि पंखा काखेत मारून चालता झाला. म्हटलं, तू अडवलं नाहीस? म्हणाली, अडवू कशाला, मी दार उघडून धरलं.

मी मोठ्यांदा हसलो. नियमच आहे. जबडा दुखेपर्यंत हसलो. स्टूल लाथेनं उडालं ते रागानं नव्हे, पाय लांब करताना. पाण्याची घागरही त्याच पायानं फुटली.

संध्याकाळी पाणी चौतीस. सगळे वर येऊन हवेला तोंडं मारताहेत. म्फुमूसुद्धा एका कोपऱ्यात धापा टाकत पडलाय, नाफिरी जवळून गेली तरी हलला नाही. तिनं तोंड जरासं उघडलं तर आत काळे ठिपके दिसले. पिल्लांचे डोळे. इतकी जवळ आलीत आणि पंखा नाही. गुदमरून तिनं त्यांना थुंकलं किंवा गिळलं तर माझा शब्द गेला.

उद्या पंखा आणणार. शांतपणे. हसत.

२८ ऑक्टोबर, दुपारी परत आल्यावर
पंखा आणला. तपशील लिहून ठेवतो, उद्या कोणी काही वेगळंच सांगेल.

ग्रेवाझियो अंगणात आंबा चोखत बसला होता. म्हणाला, या, माशांच्या सुईणबाई. मी हसलो. म्हटलं, पंखा काढ, चोरा. तोही हसला. म्हणाला, तुझी बायको तर म्हणत होती नवराही घेऊन जा, पण कुजका माल मी घेत नाही. मी आणखी हसलो आणि त्याची मान धरली. त्यानं हसत हसत माझ्या पोटात गुडघा घातला. मी त्याच्या नाकपुडीत आंब्याची कोय कोंबत होतो, तो माझा कान पिळून मुळापासून सैल करत होता, आणि दोघंही खो खो हसत होतो. शेजारीण कुंपणाशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. म्हणाली, प्रेम असावं तर असं.

त्याला शेणात लोळवून मी आत गेलो. आत आत्या खाटेवर पडली होती. अंगावर ओलं फडकं, ओठ सुकलेले, पंखा तिच्या तोंडासमोर. म्हणाली, कोण, योसामू? बस रे बाळा, वारा घे जरा. म्हटलं, घाईत आहे आत्या. आणि प्लग काढला.

दारात ग्रेवाझियो. आता हसत नव्हता. म्हणाला, योसामू, आईला तीन दिवस ताप आहे. ऊन उतरेपर्यंत राहू दे. म्हटलं, मग तसं मागायचं होतंस. म्हणाला, तुझ्याकडे मी कधी काही मागितलंय का? आपल्यात मागायचं असतं का?

मुद्दा बरोबर होता, पण नाफिरीच्या तोंडात पिल्लं आहेत हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं पंखा धरला. मी ओढला. त्यानं ओढला. मग पंख्याचा लोखंडी तळ त्याच्या तोंडावर बसला. एकदा, आणि नंतर पुन्हा. पुढचे दोन दात जमिनीवर पडले, एकाला अजून आंब्याचं सूत होतं.

त्या वेळी मी हसत होतो की नाही ते नीट आठवत नाही. असणारच.

३० ऑक्टोबर, सकाळ
पाणी सत्तावीस. आजवरचं सगळ्यांत गार.

उजाडताच नाफिरीनं तोंड उघडलं. पिल्लं बाहेर आली, तांदळाच्या कण्यांएवढी, पिवळी, पोहणारी. मी फलेसीला हाक मारली. ती रागावलेली होती तरी आली, काचेला नाक लावून बसली. म्हणाली, बाई गं, केवढीशी.

तेवढ्यात म्फुमू कोपऱ्यातून निघाला. उकाड्यात मेल्यासारखा पडलेला, गारव्यानं ताजातवाना झाला होता. कोंबडी दाणे टिपते तसं त्यानं टिपायला सुरुवात केली. नाफिरी मडक्याच्या आड गेली नाही. ती त्याच्या अंगावर धावून गेली. त्यानं तिचा कल्ला फाडला. मी हात घातला, मग चाटू घातला, चाटूनं काच तडकली पण म्फुमूला काही लागलं नाही. तिचा डोळा गेला. मग दुसरा. राहिलेली पिल्लं तिच्या तोंडाकडेच परत जात होती, आणि तिथे तो उभा होता.

सगळं मिळून न्सिमाचं पाणी उकळायला लागतं तेवढाच वेळ लागला.

फलेसी म्हणाली, गरम होतं तेव्हा कोणात मारायचं बळ नव्हतं. तुम्ही त्याला वारा घातलात. अंगावरच्या कापडाला डोळे पुसून ती पाणी आणायला गेली, मला काही विचारायला थांबली नाही.

पंखा एक दिवस मधे बंद होता, त्याचा हा परिणाम. सलग चालला असता तर म्फुमूचा स्वभावही निवळला असता. हे शास्त्र आहे.

२ नोव्हेंबर
ग्रेवाझियोकडे कोंबडी पाठवली होती. हरलो म्हणून नव्हे, आत्याला रस्सा मिळावा म्हणून. आज तो स्वतः आला. धुतलेला शर्ट, टोपी हातात, गाल पपईसारखा सुजलेला. मी वाट पाहत होतो, आता बोकड म्हणेल, सुईणबाई म्हणेल. दाताच्या फटीतून थुंकेल तरी.

खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, मासे गेल्याचं कळलं, वाईट वाटलं. म्हणाला, आईला बहिणीकडे पोचवलं, तिथे सरोवराचा वारा लागतो. मी पंखा पुढे केला. म्हटलं, ने, आता मला काय करायचाय. तो म्हणाला, नको, राहू द्या. आपल्याला लागेल.

तुला नाही, आपल्याला म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. माझा वचक बसला म्हणायचा एकदाचा.

पाणीसुद्धा न पिता उठला. फाटकापाशी पोचला तेव्हा मी मागून ओरडलो, चालतोस कसा रे, अंडं अडकलेल्या कोंबडीसारखा. तो थांबला, वळला, टोपी जराशी उचलली. म्हणाला, बरं, येतो साहेब.

माणूस सुधारला. चांगलंच झालं. ऊन उतरेपर्यंत फाटकातच उभा होतो, वाटेत काही आठवून परत येईल म्हणून.