किल्ली कुणाकडे होती

प्रिय सोराइदा,

दर नाताळात आपण एकमेकींना कार्ड पाठवतो. दोन ओळी, मुलांची उंची, तुझ्या ऑर्लँडोचा उकाडा. हे पत्र तसलं नाही. ते वाचून तुझी कार्डं यायची थांबली तर मी समजून घेईन, पण शेवटपर्यंत वाच.

आपल्या कोचचा, डॉन एलादिओंचा संघ माझ्याकडे येऊन चार वर्षं झाली. त्यांचा एकही नियम मी बदललेला नाही. बास्केट केली तर टाळी नाही, टाळ्या वाजवायला गाव आहे. पण सुटलेल्या चेंडूवर जी अंग झोकून देते, तिला उठवायला चौघींनी धावत जायचं. तुझे गुडघे कायम सोललेले असायचे. माझे नाहीत, म्हणून मला ऐकावं लागायचं, "नेलिदा, गुडघे काय लग्नासाठी जपून ठेवलेत?" परवा मी हेच एका पोरीला ऐकवलं. ती म्हणाली, "कोच, लग्नात गुडघे कोण बघतं?" शिट्टी तोंडात होती म्हणून हसू दाबता आलं.

चुकणारीने धावायचं नाही, हाही नियम तसाच आहे. तिने मधल्या वर्तुळात उभं राहायचं, हात मागे, मान वर, आणि तिच्या चुकीच्या वीस फेऱ्या बाकीच्यांनी मारायच्या. मैदानाची किल्लीही अजून दर आठवड्याला एकीकडे असते. पहाटे पाचला तिने दार उघडायचं.

गेल्या महिन्यात किल्ली अनाइसकडे होती. सोळा वर्षांची आहे, आमची कप्तान. साडेपाच झाले, आम्ही सगळ्या बंद दाराशी थंडीत कुडकुडत उभ्या. ती धापा टाकत आली, दार उघडलं आणि कुणी काही विचारायच्या आत वर्तुळात जाऊन उभी राहिली. "मीच, कोच. झोपून गेले." इतकं साधं. सोरी, माझ्याच्याने शिट्टी वाजेना.

त्या दुपारी मी डॉन एलादिओंकडे गेले. एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, ओसरीत कॉफीच्या बिया निवडत बसले होते. सव्वीस वर्षांपूर्वीची ती सकाळ त्यांना सांगितली. अंतिम सामन्याआधीचा आठवडा, मी पोन्से शहरात मावसबहिणीबरोबर नाचायला गेलेली, सकाळी उशिरा पोचलेली, तोवर त्यांनी दाराचं कुलूप तोडलेलं. त्यांनी सगळं ऐकलं, मान वर केली नाही. म्हणाले, "हे मला कशाला सांगतेस, पोरी? बाकावर मी नव्हतो बसलो."

अंतिम सामन्यात बाकावर तू बसलीस. तुझी जागा मला मिळाली, चषकही मी उचलला. तो फोटो इतकी वर्षं मैदानाच्या दाराशी होता आणि मी रोज त्याच्याखालून आत जात होते. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस, गप्प उभी राहिलीस, आणि त्या उन्हाळ्यात गाव सोडून गेलीस. तू गप्प का राहिलीस हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही. सामना जिंकायला मी हवी होते म्हणून नक्कीच नाही. तू माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळायचीस.

मंगळवारी मी फोटो उतरवला, पोरींना सगळं सांगितलं आणि वर्तुळात उभी राहिले. पोरींनी माझ्या वीस फेऱ्या मारल्या. चौदाव्या फेरीला अनाइस जवळून जाताना म्हणाली, "कोच, मान वर." वीस फेऱ्या उभं राहून बघणं किती लांब असतं, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तुला एकविसाव्या वर्षीच कळलं होतं, तेही माझ्यामुळे.

आता जे त्या सकाळी बाकीच्या दहा जणींसमोर म्हणायला हवं होतं, ते लिहिते. किल्ली मी तुला दिलीच नव्हती, सोरी. मी खोटं बोलले. ती माझ्या निळ्या स्कर्टच्या खिशात होती, आणि मी तो खिसा मुठीत घट्ट धरून तुझ्यासाठी वीस फेऱ्या धावले.

मान वर ठेवून,
तुझीच
नेलिदा