सोळा जणांचं सभागृह

मंगळवार, ४ जून
पूर्वीला शाळेत तुवालू देश आलाय! प्रत्येक मुलाला एकेक देश, त्याच्या संसदेची माहिती काढायची. नातीच्या वाट्याला आलेल्या संसदेत सभासद सोळा. पक्षच नाहीत! मी विधानभवनात एकतीस वर्षं प्रतिवेदक होते. दोनशे अठ्ठ्याऐंशी जण एकदम ओरडायचे आणि त्यातून मी वाक्यं वेचायची. सोळा! तेवढे आमच्याकडे नुसते माइक उपटायला धावायचे.

गुरुवार, ६ जून
दुपारी बाल्कनीत डोळा लागला. इथल्या, टोकियोजवळच्या उरायासुच्या खाडीवरचा उजेड पापण्यांत शिरला असावा. मी त्या सभागृहात होते. भिंती नाहीत, दोन्हीकडे समुद्र. एक बोलायचा, पंधरा ऐकायचे. माझं लघुलेखन कागदावरून उतरून पाण्यावर पसरत चाललं होतं. मग सभापती माझ्याकडे वळले — "बाई, तुमचं मत?" प्रतिवेदकाला मत विचारतात का कधी! उत्तर देणार तोच जाग आली. नेमकी तेव्हाच!

शनिवार, ८ जून
सूनबाईंनी, सुमेधाने, चहा हातात आणून दिला. "आई, पुण्याचा फ्लॅट बंदच असतो ना?" — बंदच असतो. संध्याकाळी फिरताना सारंग, "आई, रुळलीस ना तू इथे?" — रुळले. झोपायला जाताना पूर्वी, "आजी, मार्चमध्ये माझ्या शाळेच्या निरोप समारंभाला असशील ना?" — असणार!
आज सगळ्यांनाच मी आठवले. बरं वाटलं.

रविवार, ९ जून
जेवता जेवता सारंग म्हणाला, "फ्लॅट विकतोय. आई आता कायमची इथे. सगळ्यांशी बोलणं झालंय."
मी म्हटलं, चर्चा?
"झाली की. तुझ्याशीही. काल."
त्याच्या ऑफिसातली पद्धत ही. आधी एकेकाला वेगळं गाठायचं, मीटिंगमध्ये नुसत्या माना हलवायच्या. जपानीत नेमावाशी म्हणे! जन्मभर दुसऱ्यांचे शब्द टिपले, आणि माझे होकार कुणी टिपतंय हे कळलं नाही. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी शिकवलेलं — विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. दिलं! सुमेधा ताटात बघत बसली. चहावाली!
शुक्रवारी दूतावासात मुखत्यारपत्र. सही माझी.

बुधवार, १२ जून
पुन्हा तेच पाणी. सोळाही खुर्च्या रिकाम्या. माझी पुण्याची गॅलरी लाटांवरून हळूहळू चाललेली, दोरीवरच्या साडीसकट. "विरोध!" म्हणायला तोंड उघडलं, तर आतून नुसता वारा. साडी फुगली आणि गॅलरी आणखी लांब गेली.

शुक्रवार, १४ जून
दारात चपला घालतानाच सांगितलं, "सही करणार नाही." सारंग लालबुंद. "आई, ठरलंय ना आपलं?"
तेवढ्यात मागून सुमेधा — "माझंही नाही ठरलेलं. मार्चनंतर मी आणि पूर्वी पुण्याला, आईंकडे राहणार आहोत. तुझं तू ठरव, सारंग."